डबा खाताना सांगितलेली गोष्ट

सुमनताई,

तुमच्या नीलिमाने तुमच्यावर एक पान लिहून मागितलं आहे. मंडळाच्या अंकात छापायचं म्हणाली. मी बसले आणि सवयीने सुरुवात केली: जन्म चंद्रपूर, शिक्षण नागपूर, गणिताच्या शिक्षिका, किटवे, झांबिया. चौथ्या ओळीला माझा हात थांबला. आपण ऑफिसात माणसांचं जे करायचो, तेच मी तुमचं करत होते. जन्म, शाळा, पहिली नोकरी, बढती. ते पान मी फाडून टाकलं. नीलिमाला दुसरं कुणीतरी लिहून देईल. हे फक्त तुमच्यासाठी आहे, आणि तुम्ही ते वाचणार नाही हे ठाऊक असूनच लिहिते आहे.

आपलं ऑफिस रीडिंग स्टेशनपासून सात मिनिटांवर, एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर होतं. ड्रिलचा आवाज आला की तुम्ही पेन खाली ठेवून गालावर हात धरायच्या. लंडनच्या ज्या कंपन्यांना आफ्रिकेत पैसा घालायचा असे, त्यांना तिथल्या वरच्या माणसांची माहिती हवी असे. हा जो खाणीचा प्रमुख आहे तो कुठून आला, कुठे शिकला, त्याला वर कोणी आणलं, सरकारी खाणी विकल्या गेल्या तेव्हा तो कुणाच्या बाजूने होता. अशा माणसांच्या फायली आपण करायचो. तांब्याचे भाव पुन्हा चढायला लागले होते, त्यामुळे झांबियाचं काम वाढलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी पुण्याची. मला तो देश नकाशावर शोधावा लागला. आमचा डायरेक्टर रॉजर म्हणाला, तिथे राहिलेलं कुणीतरी शोध. देवळात भेटलेली नीलिमा म्हणाली, माझी आई राहिलीय, पंचवीस वर्षं.

लंडनच्या ट्यूबमध्ये, भुयारी रेल्वेत, बॉम्ब फुटले त्या उन्हाळ्यातली गोष्ट. वॉटफर्डहून यूस्टन, तिथून पॅडिंग्टन, तिथून रीडिंग, असा प्रवास करून तुम्ही आलात. कॉटनची साडी आणि वर तुमच्या यजमानांचं, डॉक्टरांचं, जुनं जॅकेट, ज्याच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. मी चहा विचारला तर म्हणालात, "आधी काम दाखव. स्टेशनवर पोलिसांनी माझी पर्स उपसली, त्यात माझा अर्धा तास गेला."

मी तुमच्यापुढे नावांची यादी ठेवली. तांबं, सिमेंट, बिअर, बँका, त्या देशात जे जे मोठं होतं त्याच्या वरच्या खुर्च्यांवरची माणसं. तुम्ही चष्मा पुसून बोट फिरवायला लागलात.

"हा माझा. हा पण माझाच. ही माझी नाही, ही बायॉलॉजीला गेली. हा एकदा नापास झाला होता, पण ते लिहू नको."

"माझा म्हणजे?"

"माझ्या वर्गातला. काय विचारून राहिलीस? वर्गसमीकरणं मीच शिकवली ना यांना."

एका देशाचे निम्मे उद्योगपती चंद्रपूरच्या एका बाईकडून वर्गसमीकरणं शिकले होते, आणि त्या बाई माझ्यासमोर बसून बिस्किट चहात बुडवत होत्या. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला ते तीनदा सांगितलं.

मंगळवार आणि गुरुवार तुमचे. त्या दोन दिवसांत मी जितकं शिकले तितकं त्या नोकरीत पुन्हा कधी शिकले नाही. माझ्या फायलीत एखाद्याची दोन वर्षं कोरी असायची. मी तिथे प्रश्नचिन्ह घालायची. तुम्ही म्हणायच्या, "तेव्हा याचा भाऊ खाणीतल्या अपघातात गेला. याने भावाची मुलं सांभाळली. नोकरी नाही केली."

"ते रिपोर्टमध्ये बसत नाही, ताई."

"मग रिपोर्ट मोठा कर."

हा आपला वाद पहिल्या आठवड्यापासूनचा. माझं म्हणणं असायचं, गिऱ्हाइकाला खरं काय ते हवं. तुमचं म्हणणं, अर्धं खरं सांगून माणूस कळत नाही. मी हसून विषय बदलायची. तेव्हा तो वाद मला गोड वाटायचा.

आता चांदाचं.

तुम्ही मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा सांगितलंत ते त्याच्या नावावरून. चंद्रपूरला तुमच्या लहानपणी चांदाच म्हणायचे. नव्या देशात, नव्या शाळेत पहिली हजेरी घेताना तुम्ही वहीतून तुमच्या गावाचं नाव मोठ्याने वाचलंत आणि मागच्या बाकावरून एक उंच मुलगा उभा राहिला. तुम्ही पदराने डोळे पुसलेत आणि वर्गाला वाटलं, नवीन बाईंना खडूची ॲलर्जी आहे. गावाकडे कोळशाच्या खाणीचा भोंगा, इथे तांब्याच्या खाणीचा. पहिलं वर्ष त्या मुलाच्या नावावर काढलं, असं तुम्ही म्हणायच्या.

तो चांदा आता पंचेचाळीशी ओलांडलेला, एका खाणीचा जनरल मॅनेजर होता. लंडनच्या एका कंपनीला त्याला तिथल्या सगळ्या कारभाराचा प्रमुख करायचं होतं. फाइल आपल्याकडे आली. त्याच्या सीव्हीत इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीची मेटलर्जीची पदवी होती.

गुरुवार होता. झेरॉक्सच्या खोलीत आपण डबा उघडला होता, कारण तुमच्या लसणाच्या चटणीवरून रॉजरच्या सेक्रेटरीने एकदा नाक मुरडलं होतं. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत सहज बोलत होतात. चांदाला खाण कंपनीने शिकायला इंग्लंडला पाठवलं, तो विमानात बसला तेव्हा तुम्ही आणि डॉक्टर एअरपोर्टवर होतात. दोन वर्षं झाली आणि तांब्याचे भाव कोसळले. देशाकडे परकीय चलन उरलं नाही, फी यायची बंद झाली. शेवटच्या वर्षाला सगळ्यांना परत बोलावलं. चांदा एका संध्याकाळी तुमच्या व्हरांड्यात येऊन बसला. मग म्हणाला, मॅडम, मला पुस्तकं द्या, मी पोस्टाने पूर्ण करीन. तुम्ही पुस्तकं दिलीत. दुसऱ्या आठवड्यात तो खाणीत उतरला, पाळीचा मुकादम म्हणून. पुस्तकं चार वर्षांनी परत आली, कव्हर घालून.

"पूर्ण नाही केलं मग?" मी विचारलं.

"कधी करणार? दिवसभर जमिनीखाली. पण ऑफिसातल्या कुणीतरी फॉर्मवर पदवी लिहून टाकली आणि यानेही ती खोडली नाही. तेवढं चुकलं त्याचं. बढतीच्या वेळी गोऱ्या इंजिनियरच्या शेजारी बसायचं होतं त्याला."

तुम्ही डबा धुवायला गेलात. मी माझ्या टेबलाशी आले आणि त्या युनिव्हर्सिटीच्या रजिस्ट्रार ऑफिसला फोन लावला.

हे मी कितीदा तरी मनात उलटंपालटं करून पाहिलं आहे. मी म्हणू शकते, पडताळणी करणं माझं कामच होतं. पण आपण प्रत्येकाची पदवी तपासत नव्हतो. वेळच नसे. इतक्या जुन्या पदव्या तर कधीच तपासल्या नव्हत्या. तुम्ही बोलला नसतात तर मी तो फोन केला नसता.

त्या रकान्यात लिहायला तीन पर्याय होते. पडताळणी झाली, शिक्षण अपूर्ण, किंवा दावा खोटा. मी तिसरा लिहिला. दुसराही खरा होता. एप्रिलमध्ये माझ्या वर्क परमिटचं रिन्यूअल होतं, ते रॉजरच्या सहीवर होतं, आणि रॉजर महिनाभर म्हणत होता की तुझे रिपोर्ट्स फार मऊ असतात. हे कारण मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

रिपोर्ट गेल्यावर मी तुम्हाला सांगितलं. वाटलं, तुम्ही रागवाल, आपण भांडू आणि मंगळवारी पुन्हा चहा पिऊ. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही रिपोर्टचं ते पान मागितलंत, उभ्याने वाचलंत.

"खोटा लिहिलंस?"

"सीव्हीत पदवी आहे, ताई. पदवी नाहीये. याला दुसरं काय म्हणू?"

"दोन वर्षं शिकला तो. पैसे थांबले म्हणून परत आला. एवढं लिहायला किती जागा लागली असती?"

"गिऱ्हाइकाला ते नको असतं."

"मी तुला सांगितलं ते डबा खाताना सांगितलं, अनघा." तुमचा आवाज वर्गात असावा तसा स्पष्ट होता. "ऑफिसात नाही सांगितलं."

मी ते पान तुमच्या हातातून घेऊन फाइलमध्ये लावलं.

पुढचं सगळं भराभर झालं. लंडनच्या कंपनीची ती जागा गेली. मग ते झांबियातल्या एका पेपरात फुटलं, कसं ते मला माहीत नाही. मोठ्या अक्षरांत 'खोटा पदवीधर'. मूळ शब्द माझा. चांदाने असलेल्या नोकरीचाही राजीनामा दिला. कंपनीचं घर सोडावं लागलं. तो बायकोला घेऊन उत्तरेकडे तिच्या गावी गेला आणि भेटायला येणाऱ्यांना परत पाठवू लागला. हे तुम्हाला किटवेच्या जुन्या शेजारणीने फोनवर सांगितलं आणि तुम्ही मला. तो तुमचा आपल्या ऑफिसातला शेवटचा गुरुवार. ऑफिसचा पास माझ्या कीबोर्डवर ठेवलात आणि जॅकेट चढवलंत.

मी जिन्यापर्यंत मागे आले. "ताई, मी स्टेशनवर सोडते."

"मला रस्ता माहीत आहे," तुम्ही म्हणालात. खाली डेंटिस्टच्या दारात एक पेशंट आत शिरत होता, त्याच्यासाठी तुम्ही दार धरून उभ्या राहिलात आणि मग गेलात.

माझं परमिट रिन्यू झालं. रॉजरने पगार वाढवला. मी तुम्हाला फोन केले नाहीत असं नाही. चार केले. चारही वेळा नीलिमा म्हणाली, आई झोपलीय. संक्रांतीला तिळगूळ पोस्टाने पाठवला. त्याचं काही कळलं नाही. मग मीही थांबले. मनात तुमच्यावर रागवायला शिकले होते. म्हातारी माणसं भावनेने बघतात, त्यांना या जगाचे नियम कळत नाहीत, असं काहीबाही. नवऱ्यालाही तसंच सांगितलं. तो म्हणाला, "मग तू इतकी अस्वस्थ का आहेस?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सात महिन्यांनी नीलिमाचा फोन आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. ती म्हणाली, "आई विचारत होती, अनघाला कळवलंस का?"

वॉटफर्डच्या त्या हॉस्पिटलमध्ये मी चारदा आले. तुमचे हात इतके बारीक झाले होते की मनगटावरचा हॉस्पिटलचा पट्टा कोपरापर्यंत सरकायचा. तुम्ही मला उप्पीट नीट होत नाही त्याचं कारण सांगितलंत. माझ्या मुलाला अपूर्णांक कसे शिकवायचे ते सांगितलंत, सफरचंद कापून नको, कागद दुमडून शिकव. वॉर्डमधल्या केरळच्या नर्सला तुम्ही तिच्या परीक्षेचं गणित समजावत होतात. मी प्रत्येक वेळी ट्रेनमध्ये वाक्य पाठ करून यायची. प्रत्येक वेळी कुणीतरी असायचं. वॉर्डचे डॉक्टर, नीलिमा, मंडळातल्या बायका. तिसऱ्या खेपेला आपण दोघीच होतो, तेव्हा मी अर्धा तास हवेबद्दल बोलले. त्या दिवशी मला कुणीही अडवलेलं नव्हतं.

चौथ्या खेपेला मी तुमची उशी सारखी करत होते. म्हटलं, "ताई, ते चांदाचं..."

तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "राहू दे."

उशी राहू दे म्हणालात, की चांदाचं राहू दे, की आता माफी राहू दे? मी विचारायला हवं होतं. मी उशी सोडली आणि पाण्याचा जग भरून आणायला गेले. परत आले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. पाच दिवसांनी तुम्ही गेलात.

क्रेमॅटोरियममध्ये आपल्याला अर्ध्या तासाची वेळ मिळाली. आपल्या आधीचं कुटुंब मागच्या दाराने बाहेर पडत होतं आणि आपलं पुढच्या दाराने आत. तुमची सात वर्षांची नात रिया माझा हात धरून होती. तिने हळूच विचारलं, "आजी आतमध्ये झोपला आहे का?" तुम्ही तिला दर वेळी सुधारायच्या. मी सुधारलं नाही. हो म्हणाले.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी मी नीलिमाकडे भांडी आवरायला गेले होते. ती आणि तिचा नवरा पाहुण्यांना घेऊन हीथ्रोला गेले होते. रिया वर झोपली होती. स्वयंपाकघरातला फोन वाजला आणि मी उचलला. लांबचा फोन, आवाज थोडा उशिरा पोचणारा. एक पुरुष जड, सावकाश इंग्रजीत बोलत होता. ते मी आपल्या भाषेत लिहिते.

"मी चांदा बोलतो. मॅडमची मुलगी का?"

मी म्हटलं, ती बाहेर गेलीय. मी अनघा.

"ऑफिसातली मैत्रीण. मॅडमच्या पत्रात तुमचं नाव होतं."

तुम्ही त्याला पत्र लिहिलंत हे मला तेव्हा कळलं. नीलिमालाही ठाऊक नव्हतं. आजार कळण्याच्या आधीचं पत्र. त्याने मला त्यातलं सांगितलं. चांदा, तुझी गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली. ज्यांनी लिहिलं त्यांनी त्यांचं काम केलं. त्यांच्यात माझी एक मैत्रीण आहे, अनघा, तिला दोष देऊ नको. दोष माझा आहे.

"मी उत्तर दिलं नाही," तो म्हणाला. "मला फार राग आला. माझ्या बापानंतर मी त्यांनाच मानत होतो. मी म्हटलं, वाट बघू दे. काल मॅडमच्या जुन्या शेजारणीने कळवलं की त्या गेल्या." मग त्याने विचारलं, "त्यांनी वाट पाहिली का?"

सुमनताई, नीलिमाने मला सांगितलं होतं की तुम्ही शेवटपर्यंत रोज सकाळी पोस्ट आलं का विचारायच्या. आम्हाला वाटायचं, हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटच्या पत्रांबद्दल विचारता. मी त्याला नाही म्हणू शकले असते. त्याचं काय राहिलं होतं की त्याच्यावर आणखी हे टाकावं? पण मग ते माझं सोयीचं आणखी एक उत्तर झालं असतं.

"हो," मी म्हटलं. "रोज पाहिली."

त्याच्या मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता, माणसं बोलत होती. तो फोन ठेवील अशी भीती वाटली म्हणून मी एका दमात सांगून टाकलं. त्यांनी ते मला सांगितलं होतं, जेवताना, विश्वासाने. युनिव्हर्सिटीला फोन मी केला. खोटा हा शब्द मी लिहिला. दुसरा शब्द होता, तो मी लिहिला नाही, कारण मला माझी नोकरी टिकवायची होती. रिपोर्ट गेल्यावर त्यांनी मला त्याचा जाब विचारला होता.

"तुम्ही लिहिलात."

"मी लिहिला."

"आणि त्या म्हणाल्या, दोष त्यांचा."

"हो."

आता तो मला बोलेल, शिव्या देईल, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला ते हवं होतं. वर्षभर कुणीच मला काही बोललं नव्हतं. पण त्याने वेगळंच विचारलं.

"घरात त्यांचा फोटो असेल?"

"बाहेरच्या खोलीत आहे. हार घातलेला."

"फोन तिथे घेऊन जा," तो म्हणाला. "आणि त्यांच्यापुढे धरा. तुम्ही ऐकू नका."

कॉर्डलेस फोन होता. मी तो घेऊन तिकडे गेले. टेबलावर तुमचा किटवेचा फोटो, शाळेच्या पायऱ्यांवरचा, उन्हाने डोळे बारीक केलेले. मी गुडघे टेकून बसले आणि फोन दोन्ही हातांनी फोटोसमोर धरला. त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच तो त्याच्या भाषेत बोलत होता. तुम्हाला ती थोडी यायची, बाजारापुरती, असं तुम्ही म्हणायच्या. एकदा आवाज चढला, मग खूप वेळ खाली गेला, आणि मग मोठा माणूस रडतो तसा आवाज आला. माझे दंड दुखायला लागले तरी मी हात खाली घेतला नाही. रिया खाली आली, दारात उभी राहिली, तिने माझ्याकडे आणि फोटोकडे पाहिलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

आवाज थांबल्यावर मी थोडी वाट पाहिली. मग फोन कानाला लावला, कारण मला त्याच्याकडून काहीतरी ऐकायचं होतं, काहीही. लाइन बंद होती. त्याला सांगायचं होतं ते तुम्हाला सांगून झालं होतं, माझ्यासाठी त्याने काही ठेवलं नव्हतं.